लेट्रोझोल सुरू झाल्यापासून कोलेस्टेरॉल, साखर आणि वजन वाढले: यात गोळीचा वाटा किती?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वय ५३ असून मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सुमारे साडेतीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनातील कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन हे सर्व पार पडले. गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (हार्मोनच्या साहाय्याने वाढणारी) आणि हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जादा नसलेली) असल्यामुळे प्रथम दोन वर्षे टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेन हार्मोनला अडवणारी गोळी २० मिलिग्रॅम घेतली आणि पाळी कायमची गेल्याची रक्त तपासून खात्री झाल्यावर गेले दहा महिने लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन तयार होणेच थांबवणारी गोळी २.५ मिलिग्रॅम चालू आहे.

हिशेब ठेवण्याची सवय असल्यामुळे सगळे अहवाल मी एका वहीत उतरवून ठेवले आहेत. उपचारांपूर्वी वजन ६१ किलो, एलडीएल (वाईट समजले जाणारे) कोलेस्टेरॉल १२८, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) १४० आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ५.५ होते. टॅमॉक्सिफेनच्या दुसऱ्या वर्षाअखेरीस वजन ६६, एलडीएल १०२, ट्रायग्लिसराइड २३२, एचबीए१सी ५.९ आणि एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) ५८ आले, आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’ असे लिहून आले. गेल्या महिन्यात वजन ६८, एलडीएल १५१, ट्रायग्लिसराइड १७०, एचबीए१सी ६.३ आणि एसजीपीटी ४४ असे आकडे आहेत. माझी उंची १५४ सेंटीमीटर आणि कमरेचा घेर ९२ सेंटीमीटर आहे. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे १.८, म्हणजे हाडे काहीशी विरळ, असा आला.

कर्करोगतज्ज्ञांना हे दाखवले तेव्हा त्यांनी गाठीच्या दृष्टीने सर्व उत्तम असून साखरेसाठी फिजिशियनला भेटावे असे सांगितले. फिजिशियन म्हणाले की कर्करोगाच्या गोळ्यांबद्दल त्यांच्याकडूनच विचारून या. दोघांचेही वागणे सौजन्याचे होते, पण माझी वही दोन्ही दारांच्या मध्येच राहिली. त्यातच माझ्या थोरल्या बहिणीने काळजीपोटी ‘ही गोळीच तुला आजारी पाडते आहे’ असे सांगितले आणि मी, खरे तेच लिहिते, बारा दिवस गोळी घेतली नाही. चार दिवसांपूर्वी पुन्हा सुरू केली आहे.

माझा प्रश्न असा की या वाढीपैकी किती वाटा गोळीचा आहे आणि किती वयाचा, पाळी जाण्याचा किंवा माझ्या बैठ्या दिनक्रमाचा आहे, हे वेगळे काढता येते का? पुन्हा टॅमॉक्सिफेनवर गेले तर कोलेस्टेरॉल खाली येईल का? आणि यकृतासाठी हळदीच्या कॅप्सूल व गुळवेलीचा काढा घ्यावा असे दोघीतिघींनी सुचवले आहे, तो घ्यावा का?

अबोली

ताई, बारा दिवसांचा खंड तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना जसा आम्हाला सांगितलात तसाच सांगा. मी साडेसहा वर्षे लेट्रोझोलच्याच गटातील अ‍ॅनास्ट्रोझोलवर होते. मीही एकदा सांधेदुखीला कंटाळून तीन आठवडे गोळी सोडली होती आणि पुढच्या भेटीत ते लपवले. डॉक्टरांनी त्या काळातील सुधारलेली सांधेदुखी पाहून वेगळाच निष्कर्ष काढला. म्हणून लपवू नका एवढेच सांगते.

मला स्वतःला सर्वांत अधिक उपयोग झाला तो व्यायामाचा, आणि तोही केवळ चालण्याचा नव्हे तर वजने उचलण्याचा. सुरुवातीला पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेतल्या, नंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली रबरी पट्टे आणि दोन-तीन किलोंचे डंबेल. सकाळी उठताना बोटे मिटत नसत, ती आठ-दहा आठवड्यांत सैल झाली. वजन फार उतरले नाही, पण कमरेचा घेर पाच सेंटीमीटरने कमी झाला आणि एचबीए१सी पुन्हा सहाच्या खाली आले.

काढ्याबद्दल मी मत देत नाही, त्यावर जाणकारांनी लिहावे.

रानजाई

मी गेली बावीस वर्षे मेडिसिनमध्ये काम करणारी फिजिशियन आहे आणि स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या अनेक रुग्णांची साखर व रक्तदाब पाहते. तुमचा तक्ता इतका व्यवस्थित आहे की त्यातील प्रत्येक आकड्यावर स्वतंत्रपणे बोलता येते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. प्रत्यक्ष तपासणीची जागा हे लेखन घेऊ शकत नाही, एवढे गृहीत धरावे.

आधी कोलेस्टेरॉल. टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनला अडवते, परंतु यकृतात मात्र ते स्वतःच इस्ट्रोजेनसारखे वागते. त्यामुळे ते चालू असताना एलडीएल खाली येते आणि ट्रायग्लिसराइड वर जाते. तुमचे १२८ चे १०२ आणि १४० चे २३२ होणे हे या औषधाचे अगदी ओळखीचे चिन्ह आहे. लेट्रोझोल यकृतात असे काही करत नाही. म्हणजे औषध बदलल्यावर टॅमॉक्सिफेनने खाली धरून ठेवलेले एलडीएल सुटले. तुम्ही १०२ वरून १५१ असे मोजता आहात, म्हणून वाढ ४९ दिसते. मुळापासून मोजले तर ती २३ आहे, आणि त्या २३ मध्ये तीन वर्षांचे वय, पाळी जाणे आणि सात किलो वजन हे सर्व आले.

हा केवळ माझा तर्क नाही. लेट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन यांची थेट तुलना करणाऱ्या बिग १-९८ या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी ४३.६ टक्के आणि टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांपैकी १९.२ टक्के स्त्रियांमध्ये वाढलेले कोलेस्टेरॉल नोंदले गेले होते. त्यातील बहुतेक वाढ सौम्य होती. पण टॅमॉक्सिफेन पूर्ण झालेल्या स्त्रियांना लेट्रोझोल किंवा निष्क्रिय गोळी देणाऱ्या एमए-१७ या चाचणीत लिपिड तपासले गेले, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तुलना कोणाशी केली यावर उत्तर किती बदलते, हे गणिताच्या शिक्षिकेला मी वेगळे सांगायला नको.

तरीही १५१ हा आकडा सोडून देण्याजोगा नाही. तो कोणामुळे वाढला यापेक्षा तो आज तुमच्या हृदयासाठी काय अर्थ ठेवतो हे महत्त्वाचे आहे, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३ वर्षांच्या स्त्रीच्या बाबतीत स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीची, चर्चा करणे योग्यच ठरते. त्याआधी एक साधी तपासणी करा: टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. थायरॉइड मंदावले तर वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढतात, थकवाही येतो, आणि हा सगळा दोष हार्मोनच्या गोळीच्या माथी मारला जातो. मानेच्या खालच्या भागापर्यंत रेडिएशन मिळालेल्या रुग्णांत तर मी ही तपासणी आवर्जून करते.

यकृताबाबत टॅमॉक्सिफेनवर ठपका ठेवणे रास्त आहे. यकृताच्या पेशींमध्ये चरबी जाळली जाण्याची क्रिया ते मंदावते, म्हणून विशेषतः पहिल्या दोन वर्षांत आणि आधीच वजन अधिक असलेल्या स्त्रियांमध्ये यकृतात चरबी साठते. तुमचे एसजीपीटी ५८ वरून ४४ वर आले आहे, म्हणजे दिशा चांगली आहे. सोनोग्राफीतील ग्रेडवर फार विसंबू नका, कारण ती पाहणाऱ्याच्या नजरेवर बरीच अवलंबून असते. वय, एसजीओटी व एसजीपीटी या यकृताच्या तपासण्या आणि प्लेटलेट यांवरून निघणारा, यकृत कडक झाले आहे का याचा अंदाज देणारा फिब-४ हा आकडा फिजिशियनकडून काढून घ्या आणि तो शंकास्पद आला तरच यकृताचा कडकपणा मोजणारे फायब्रोस्कॅन करा. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी पुन्हा टॅमॉक्सिफेनवर जाण्याचा विचार मला योग्य वाटत नाही. एक आकडा सुधारण्याच्या बदल्यात यकृतातील चरबी, ट्रायग्लिसराइड, रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका आणि गर्भाशयाच्या अस्तराची काळजी एवढे सगळे परत घ्यावे लागेल, शिवाय पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये कर्करोग उलटण्यापासून लेट्रोझोलच्या गटातील औषधे थोडे अधिक संरक्षण देतात. कोलेस्टेरॉलसाठी कोलेस्टेरॉलचे औषध आहे, आणि ते चांगले आहे.

साखरेचे उत्तर इतके सरळ नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ६५ वर्षांपुढील स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन चालू असलेल्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण काहीसे अधिक आढळले होते, लेट्रोझोलच्या गटातील औषधांबाबत मात्र तसा संबंध दिसला नाही. इस्ट्रोजेन उरले नाही की चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटात साठू लागते, स्नायू घटतात आणि इन्सुलिनचा प्रभाव ओसरतो. पाळी गेल्यावर शरीरातील उरलेसुरले इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीच्या पेशींमध्ये अरोमॅटेज या विकराच्या साहाय्याने तयार होते आणि लेट्रोझोल नेमके तेच थांबवते, म्हणून त्याचा या प्रक्रियेत थोडा हातभार असणे शक्य आहे. परंतु मला तुमच्याकडून आणखी काही गोष्टी कळायला हव्यात. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीपूर्वी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले होते का, आणि केमोथेरपी संपली त्या दिवशी तुमचे वजन किती होते? तसेच सध्याचे हिमोग्लोबिन किती आहे? लोहाची कमतरता असली तर एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा वाढलेले दिसू शकते, आणि आपल्याकडील स्त्रियांमध्ये ही शक्यता नेहमी मनात ठेवावी लागते.

गोळी थांबवण्याबद्दल मात्र मी स्पष्टपणे लिहिते, कारण याची मला मनापासून काळजी वाटते. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह कर्करोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पुढील पंधरा वर्षांतील स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे हजारो स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून २०११ मध्ये दाखवले गेले आहे. या प्रकारचा कर्करोग पाच वर्षांनंतरही परतू शकतो. साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर आपल्याकडे खात्रीचे, स्वस्त उपाय आहेत. परतून हाडांत किंवा यकृतात पसरलेल्या कर्करोगावर तसे नाहीत. बारा दिवसांचा खंड भरून काढण्यासाठी जादा गोळ्या घेऊ नका. रोजची एक चालू ठेवा.

आता काढा आणि कॅप्सूल. स्वयंपाकातील हळदीला कोणतीही हरकत नाही. मात्र नेदरलँड्समधील २०१९ च्या एका लहान अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना हळदीतील कर्क्युमिन मोठ्या मात्रेत दिल्यावर रक्तातील एंडॉक्सिफेन, म्हणजे टॅमॉक्सिफेनचे कार्य करणारे रूप, कमी झाले, आणि काळ्या मिरीतील पायपरिन सोबत दिल्यावर ते अधिकच घटले. तुम्ही आज लेट्रोझोलवर असलात तरी हीच कॅप्सूल मैत्रिणीला सुचवली जाते, म्हणून लिहिले. गुळवेलीच्या बाबतीत, मुंबईतील यकृततज्ज्ञांनी करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्या निष्कर्षाला आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवे. परंतु ज्या यकृतात आधीच चरबी आहे आणि ज्याच्या तपासण्यांवरून आपल्याला औषधांचा परिणाम ओळखायचा आहे, त्यात मी हा काढा घालणार नाही.

शिदोरी

मी आहारतज्ज्ञ आहे. रानजाईंनी लिहिलेल्यात भर म्हणून थोडेच लिहिते.

उपासाच्या दिवशी काय खाता ते एकदा वहीत लिहा. आठवड्यातून दोन उपास आणि त्यात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू असतील, तर उरलेल्या पाच दिवसांतील भाकरीचा हिशेब तेथेच चुकतो. उपास करायचाच असेल तर ताक, भगर थोडी, शेंगदाण्याची आमटी, फळ असा करा. रोजच्या जेवणात प्रथिने कमी पडतात असे मला बहुतेक रुग्णांच्या बाबतीत दिसते: आमटी पातळ, उसळ वाटीभराऐवजी चमचाभर आणि भात मात्र दोनदा. मटकी-मुगाची घट्ट उसळ, पिठले, दही, चालत असेल तर अंडे किंवा मासे यांनी ताट आधी भरा आणि भात शेवटी घ्या. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे तुमच्या टी-स्कोअरसाठी नाचणीची भाकरी चांगली. गूळ घातलेली नाचणीची खीर मात्र साखरेच्या दृष्टीने नको. जेवणातील सोयाबीनची अनेकींना भीती वाटते. डाळीसारखे बेताने खाल्ल्यास ते टाळण्याचे कारण नाही.

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. रानजाई, जुनी फाइल काढून पाहिली. डेक्सामेथासोन प्रत्येक फेरीला दिले होते आणि नंतरचे दोन दिवस गोळ्याही होत्या. केमोथेरपीच्या शेवटच्या दिवशी वजन ६५ किलो होते. म्हणजे सातपैकी चार किलो हार्मोनची पहिली गोळी तोंडात जाण्यापूर्वीच वाढले होते, आणि हे माझ्याच वहीत असून मी कधी पाहिले नव्हते, कारण मी तक्त्याचे रकाने औषधांच्या नावाने आखले होते. हिमोग्लोबिन १०.४ आहे.

शिदोरीताई, उपासाचे आपण अचूक ओळखले. सोमवार आणि चतुर्थी.

आणखी दोन शंका आहेत. डाव्या हाताला कधीकधी सूज येते, मग अबोलीताई म्हणतात तशी वजने उचलावीत का? आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे कर्करोगही आटोक्यात राहतो असे वाचले, तर ते मागून घ्यावे का?

रानजाई

६१ वरून ६५ हा टप्पा केमोथेरपीचा आहे आणि त्यात स्टेरॉइड, थकवा, विश्रांती व अवेळी खाणे हे सारे आले. टॅमॉक्सिफेन आणि अ‍ॅनास्ट्रोझोल यांची निष्क्रिय गोळीशी तुलना करणाऱ्या प्रतिबंधक चाचण्यांमध्ये दोन्ही गटांतील स्त्रियांचे वजन जवळपास सारखेच वाढले होते, त्यामुळे पुढच्या तीन किलोंचाही सगळा दोष मी गोळ्यांना देणार नाही. हिमोग्लोबिन १०.४ असल्याने फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासा, आणि एचबीए१सी वर एकट्यावर न विसंबता उपाशीपोटी व ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी अशी साखर मोजून घ्या. ६.३ खरे असेल तर मधुमेहाची पूर्वावस्था, आणि लोह कमी असल्यामुळे फुगलेले असेल तर चित्र याहून बरे. वाईट बातमी गृहीत धरण्यापूर्वी हे करा.

हाताच्या सुजेबाबत: २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना देखरेखीखाली हळूहळू वजने वाढवत व्यायाम दिला गेला आणि त्यांची सूज वजने न उचलणाऱ्यांपेक्षा अधिक वाढली नाही, उलट सूज बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी आले. त्या व्यायामाच्या वेळी सूज असलेल्या हातात दाबपट्टा घालत असत, तो तुम्हीही फिजिओथेरपिस्टकडून मापाचा करून घ्या आणि अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करा. लेट्रोझोलच्या गटातील औषधांमुळे होणाऱ्या सांधेदुखीतही आठवड्यातून दोनदा असा व्यायाम व नियमित चालणे यांनी वर्षभरात वेदना स्पष्टपणे घटल्याचे २०१५ च्या चाचणीत दिसले आहे, त्यामुळे अबोलींचा अनुभव एकट्याचा नाही.

मेटफॉर्मिन कर्करोगासाठी मागू नका. मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांवरील एमए-३२ चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला आणि कर्करोग परतण्याच्या बाबतीत त्याचा लाभ दिसला नाही. साखरेसाठी ते उत्तम औषध आहेच. परंतु भारतातच झालेल्या २००६ च्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी कमी झाले, आणि दोन्ही एकत्र केल्याने अधिक काही मिळाले नाही. तुमच्या बाबतीत व्यायाम हाडांसाठी, सांध्यांसाठी आणि यकृतासाठीही लागणारच आहे, म्हणून मी सहा महिने तोच मार्ग धरीन.

टी-स्कोअर उणे १.८ विसरू नका. लेट्रोझोल हाडे विरळ करते, म्हणून डी जीवनसत्त्वाची पातळी तपासा आणि हाडांसाठी सहा महिन्यांतून एकदा दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडबद्दल कर्करोगतज्ज्ञांना विचारा. ते घेण्यापूर्वी दात दाखवून घ्या, काढायचा असेल तो दात आधी काढा. डेनोसुमॅब हे हाडांचे दुसरे इंजेक्शन सुचवले गेले तर ते मध्येच सोडायचे नसते, कारण सोडल्यावर मणक्यांची हाडे मोडण्याचा धोका एकदम वाढतो. हे सुरू करण्याआधीच ठरवायचे असते.

कृष्णाकाठ

सात आठवड्यांनी लिहिते आहे. फेरिटिन ९ निघाले. ग्लुकोजनंतरची साखर १४६ आली, म्हणजे पूर्वावस्था आहे पण काठावरची. टीएसएच बरोबर आहे. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या असून एचबीए१सी हिमोग्लोबिन सुधारल्यावरच पुन्हा करायचे ठरले. फिब-४ चिंताजनक नाही. स्टॅटिनची लहान मात्रा सुरू केली. बारा दिवसांची गोष्ट कर्करोगतज्ज्ञांना सांगितली. ते रागावले नाहीत, त्यांनी ती केसपेपरवर लिहिली आणि वहीच्या दोन पानांची प्रत मागून फाइलला लावली. तीच प्रत मी फिजिशियनकडेही दिली आहे.

वजन ६७.२ आहे, कमर ९०. बहीण रोज संध्याकाळी माझ्याबरोबर कृष्णेच्या घाटापर्यंत चालायला येते.